वेडा राजा, शेमस हीनी आणि अल्स्टरची भूमी 🧵

इ.स. ६३७. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात, मॉयरा येथे मोठी लढाई झाली. ‘बुइले सुव्ने’ हे मध्ययुगीन आयरिश आख्यान सांगते, की त्या रणधुमाळीत दाल नारिदेचा राजा स्वीनी याला वेड लागले. रोनान नावाच्या साधूचा स्तोत्रग्रंथ त्याने तळ्यात भिरकावला होता, साधूच्या शिष्याला भाल्याने ठार केले होते. त्याचाच हा शाप. राजा पक्ष्यासारखा झाडाझाडांवरून हिंडू लागला. कथा गद्यातून पुढे सरकते, परंतु थंडी, भूक आणि एकटेपण यांविषयी तो बोलू लागला की पद्य येते. आख्यानाचा प्राण तिथे आहे.

१९७२ साली कवी शेमस हीनी यांनी हे आख्यान इंग्रजीत आणण्यास घेतले. काळ पाहा: त्याच वर्षी जानेवारीत डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, १३ जण त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. अल्स्टर ब्रिटिश की आयरिश, या प्रश्नावर माणसे मरत होती. कॅथलिक शेतकरी कुटुंबात वाढलेले हीनी त्याच वर्षी बेलफास्ट सोडून दक्षिणेला विक्लो परगण्यात राहायला गेले. परागंदा राजा त्यांना जवळचा वाटला यात नवल नाही. (स्वीनी–हीनी हे यमकही त्यांच्या ध्यानात आले होतेच!)

आपला हेतू त्यांनी पुढे लिहून ठेवला. अल्स्टर मुळात आयरिश आहे ही जाणीव प्रोटेस्टंट युनियनिस्ट वाचकात रुजावी, मात्र ते ब्रिटिश असल्याची त्याची श्रद्धा हिसकावून न घेता. यासाठी त्यांनी निवडलेले साधन साधे होते: स्थलनामे. ‘माग राथ’ऐवजी ‘मॉयरा’, ‘रॉस एर्कन’ऐवजी ‘राशार्किन’. ही गावे युनियनिस्ट वाचकाच्याही रोजच्या नकाशावरची होती. घोषणेपेक्षा हे कितीतरी प्रभावी.

पहिला खर्डा मुक्त, मनमोकळा होता. १९७९ मध्ये हीनी पुन्हा त्याकडे वळले, तेव्हा मात्र त्यांनी जे. जी. ओकीफ यांच्या १९१३च्या द्विभाषिक आवृत्तीतील मूळ कडव्यांशी अधिक इमान राखले. स्वतःचा संताप राजाच्या तोंडी घालण्याचा मोह आवरल्यामुळेच राजाचा आवाज अधिक खरा उमटला.

‘स्वीनी अस्ट्रे’ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशक होती ‘फील्ड डे’ ही संस्था. आणि गाव तेच, डेरी.