दुखापतीनंतरचे भौतिकोपचार

दुखापतीनंतरचे भौतिकोपचार म्हणजे अस्थिभंग, लचक, स्नायू वा अस्थिबंधाची इजा, मज्जारज्जूचा आघात अथवा शस्त्रक्रिया यांनंतर शरीराची हालचाल, बळ व तोल शक्य तितका परत मिळवून देणारी उपचारपद्धती होय. ती ‘फिजिओथेरपी’ या नावाने अधिक परिचित आहे. व्यायाम हा या पद्धतीचा गाभा असून शेक, मर्दन व विद्युत्-उपकरणे ही त्याची साहाय्यक साधने आहेत. मोडलेले हाड जुळणे आणि तो अवयव पुन्हा कामाचा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर भरून काढणे हे भौतिकोपचारांचे कार्य होय.

इतिहास

आधुनिक भौतिकोपचारांच्या उगमस्थानांपैकी एक म्हणजे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे स्थापन केलेली व्यायामसंस्था. ब्रिटनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मर्दनोपचार करणाऱ्यांची व्यावसायिक संघटना स्थापन केली. पहिल्या महायुद्धातील असंख्य जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या शाखेला वेग आला. भारतात १९५० च्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. ८ सप्टेंबर हा दिवस जागतिक भौतिकोपचार दिन म्हणून पाळला जातो.

शास्त्रीय आधार

हाडे, स्नायू, कंडरा व अस्थिबंध यांची घडण त्यांच्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते. हाडांच्या बाबतीत हे तत्त्व जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील द्रवातून होते आणि त्यास हालचालीची मदत होते. अवयव दीर्घकाळ निश्चल राहिल्यास स्नायू कृश होतात, सांधा आखडतो आणि हाड ठिसूळ होऊ लागते. भरून येणाऱ्या ऊतींमधील तंतू आरंभी अस्ताव्यस्त असतात. बेताचा ताण मिळाल्यास ते योग्य दिशेने जुळतात. म्हणून विश्रांती आवश्यक असली, तरी गरजेपेक्षा अधिक विश्रांती अपायकारक ठरते.

उपचारांचे टप्पे

पहिल्या टप्प्यात दुखावलेल्या भागाचे संरक्षण करून सूज व वेदना कमी केल्या जातात. याच काळात लगतचे सांधे हलते ठेवतात. उदाहरणार्थ, मनगट प्लास्टरमध्ये असताना बोटे, कोपर व खांदा यांचे व्यायाम करतात. दुसऱ्या टप्प्यात सांध्याची हालचाल वाढवली जाते, तिसऱ्यात स्नायूंचे बळ. शेवटच्या टप्प्यात तोल सांभाळणे, जिने चढणे, ओझे उचलणे, मांडी घालून वा उकिडवे बसणे अशा नित्याच्या क्रियांचा सराव असतो. प्रगती केवळ रुग्णाच्या सांगण्यावरून ठरत नाही. सांध्याची हालचाल कोनमापकाने अंशांत मोजतात, तर स्नायूंचे बळ ० ते ५ या श्रेणीत नोंदवतात.

काही दुखापतींतील उपयोग

पाय मुरगळल्यावर वेदना ओसरली, तरी घोट्याची स्थिती जाणण्याची क्षमता मंदावलेली असू शकते आणि पाय पुन्हा मुरगळतो. एका पायावर उभे राहण्यासारख्या तोलाच्या व्यायामांनी हा धोका कमी होतो. वृद्धांमध्ये खुब्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेनंतर, प्रकृती साथ देत असल्यास, दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधाराने उभे करण्याकडे कल असतो. अंथरुणाला खिळून राहिल्यास फुप्फुसांचा संसर्ग, शय्याव्रण व पायांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाच्या पुनर्रचनेनंतर खेळाडूला मैदानावर परतण्यास बहुधा नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो.

जेथे पूर्ववत स्थिती शक्य नसते, तेथेही हे उपचार निरर्थक नसतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आलेले महाराष्ट्राचे सैनिक मुरलीकांत पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले.

मर्यादा व दक्षता

ताज्या दुखापतीवर जोरात चोळणे किंवा आखडलेला सांधा बळाने ओढणे घातक ठरू शकते. विशेषतः कोपराच्या दुखापतीनंतर असे केल्यास स्नायूंमध्ये हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडण्याचा संभव असतो. व्यायामानंतर थोडी वेदना होणे स्वाभाविक आहे. मात्र वाढती सूज, बधिरपणा, ताप किंवा पोटरीत अचानक उद्भवलेली वेदना व सूज असल्यास व्यायाम थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. केवळ यंत्रांच्या शेकावर विसंबून व्यायाम टाळल्यास लाभ तात्पुरता राहतो. तज्ज्ञ मार्ग दाखवतो; घरी रोज करावयाचा सराव मात्र रुग्णालाच करावा लागतो आणि उपचारांचे यश बहुतांशी त्या सातत्यावर अवलंबून असते.