डॉट इन, डॉट भारत आणि शारजाचं गिऱ्हाईक

शेंद्र्याच्या एमआयडीसीत छोटं युनिट चालवणाऱ्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, "आखातात माल जायला लागलाय, आता अरबीत साइट करतोय. डॉट कॉम घेऊ, डॉट इन घेऊ की डॉट एई? गूगलमध्ये कशाने वर येईन?" उत्तर तसं दोन मिनिटांचं आहे. पण शनिवार मोकळा होता, आणि या शेपटांचा इतिहास उकरायला बसलो तर रात्रीचे दोन वाजले. मग म्हटलं, लिहूनच टाकू.

पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नावांची पद्धत मांडली. त्यात चालायची ती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि एक जोडरेघ. देशांसाठी आयएसओच्या यादीतली दोन-दोन अक्षरं. भारताला डॉट इन मिळालं ते मे १९८९ मध्ये, आणि ते सांभाळायचं काम आलं मुंबईच्या एनसीएसटीकडे (ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली). अमिरातीचं डॉट एई १९९२ चं, सौदीचं डॉट एसए १९९४ चं. म्हणजे या शर्यतीत आपण अरबांच्या पुढे होतो!

पण पुढे असून काय केलं? डॉट इनचे नियम इतके कडक की २००४ पर्यंत नोंदली गेली जेमतेम ७ हजार नावं. २००५ च्या सुरुवातीला निक्सीने दार सगळ्यांसाठी उघडलं, तोवर बहुतेकांनी डॉट कॉम घेऊन संसार थाटला होता. शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आला २००१ मध्ये. त्या काळातल्या लहान पुरवठादारांची व्हिजिटिंग कार्डं आठवा, बहुतेकांवर याहू नाहीतर रेडिफचा पत्ता. डॉट इन कोणाच्या गावीही नव्हतं.

आता लिपीचं बघू. २००३ मध्ये प्युनीकोड आलं. ही एक हुशार पळवाट आहे: तुम्ही कोणत्याही लिपीत नाव लिहा, यंत्र आतल्या आत त्याचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर करतं. 'भारत' हा शब्द सर्व्हरला दिसतो तो 'एक्सएन, दोन जोडरेघा, एच२बीआरजे९सी' असा. हे वाचून भारतमाता ओळखणार कोण :) पण नाव आपल्या लिपीत आलं तरी शेपूट इंग्रजीच. अरबी माणसाचे हाल तर विचारू नका. नाव उजवीकडून डावीकडे, डॉट कॉम डावीकडून उजवीकडे, पत्ता कुठून वाचायचा तेच कळेना. शेवटी ५ मे २०१० रोजी इजिप्त, सौदी आणि अमिराती यांची अरबी शेपटं इंटरनेटच्या मूळ यादीत चढली. इंग्रजी लिपीबाहेरची ही पहिलीच देशनावं.

आपलं डॉट भारत देवनागरीत सुरू झालं २७ ऑगस्ट २०१४ ला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी सगळ्यांना एकच. त्याखेरीज उर्दू लिपीतलं 'भारत'ही भारताच्याच नावावर आहे. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. वली आणि सिराज यांचं शहर, गावाचं नाव शेंद्रा कमंगर (कमानगर म्हणजे फारसीत धनुष्य बनवणारा), आणि अरबी वळणाच्या लिपीतलं शेपूट घरचंच! मित्राला हेच घे म्हणावं का?

तर नाही. उर्दूतल्या 'भ'साठी दो-चश्मी हे लागतो, तो नेहमीच्या अरबी कीबोर्डवर नसतो. अरबीत 'भ' हा उच्चारच नाही. आणि अरब माणूस आपल्या देशाला म्हणतो अल-हिंद. 'भारत' वाचून त्याला काही बोध व्हायचा नाही. लिपी जवळची, भाषा परकी. आपल्याला नेपाळी अक्षरं वाचता येतात म्हणून नेपाळी येत नाही, तसंच हे.

राहिलं गूगल. डॉट इन दिसलं की गूगल समजतं, ही साइट भारतातल्या लोकांसाठी आहे. आखाती गिऱ्हाइकासाठी हे उलटंच पडतं. अरबी शेपटाने अरबी शोधात वर येऊ, हाही भ्रम. नव्या शेपटांना, मग ती कोणत्याही लिपीतली असोत, वेगळं झुकतं माप नाही, असं गूगलने २०१५ मध्येच सांगून टाकलंय. पानाची भाषा ते पानावरच्या मजकुरावरून ठरवतं. मग डॉट एई? ते कोणालाही घेता येतं, आणि सगळी गिऱ्हाइकं शारजा-दुबईत असती तर मी तेच सुचवलं असतं. पण याचा माल दम्माम आणि मस्कतलाही जातो. अरब लीगमध्ये २२ देश आहेत, भाषा एक आणि शेपटं बावीस! म्हणून जुनंच डॉट कॉम ठेव, त्यात अरबीचा वेगळा फोल्डर कर आणि हरेफलँगची खूण लाव (ही सोय २०११ पासून आहे), एवढंच सांगितलं. आणि अरबी मजकूर चित्रात चिकटवू नकोस, नीट टाइप करून घे. कीबोर्डवर त्या भाषेत विचार करणाऱ्या माणसाकडून. गिऱ्हाईक ज्या शब्दाने वस्तू शोधतो तो पानावर नसेल तर शेपूट सोन्याचं असून उपयोग नाही.

त्याच्या कंपनीच्या नावात शहराचं नाव नाही, हे त्याचं नशीब. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. ज्यांच्या डोमेनमध्येच 'औरंगाबाद' आहे त्यांना नवीन नाव घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. घ्या, पण जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचं रिडायरेक्ट लावा, आणि जुन्या नावाची फी भरत राहा. ती चुकली की काही दिवसांत ते नाव बाजारात येतं, आणि वीस वर्षांत जमलेल्या सगळ्या लिंक ते उचलणाऱ्याच्या घरी जातात.