पेट्रार्कचा डोंगर

२६ एप्रिल १३३६ रोजी कवी पेट्रार्क धाकटा भाऊ गेरार्दो आणि दोन सेवक यांच्यासह प्रोव्हाँसमधील माँ व्हाँतू हा सुमारे १९१० मीटर उंचीचा डोंगर चढला आणि त्याच दिवशी खाली उतरला. निदान त्याचे लॅटिन पत्र तसे सांगते. याकोब बुर्कहार्टने १८६० साली इटलीतील प्रबोधनावरील आपल्या ग्रंथात या चढाईला निसर्गदृष्टीच्या इतिहासात मानाचे स्थान दिले. तेव्हापासून निव्वळ दृश्यासाठी डोंगर चढणारा पहिला आधुनिक माणूस अशी पेट्रार्कची ख्याती झाली. पत्र वाचणाऱ्याला मात्र ती पटणे कठीण आहे.

मुळात ही ओढ पुस्तकातून आलेली. मॅसिडोनियाचा राजा फिलिप दोन समुद्र एकदम दिसतील या आशेने हीमस पर्वतावर गेल्याचे लिव्हीच्या इतिहासात वाचून पेट्रार्कचा बेत पक्का झाला. वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी आपण वर गेलो आणि काट्यांनी अंग व कपडे फाडून घेऊन परतलो, असे तो बजावतो. पुढे गेरार्दो सरळ धार धरतो; पेट्रार्क सोप्या वाटेच्या लोभाने पुन्हा पुन्हा खालीच उतरतो आणि अखेर एका दरीत बसून स्वतःच्या आत्म्याची कानउघाडणी करतो. शिखरावर तो ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ उघडतो. समोर नेमका तो भाग येतो, ज्यात पर्वत-सागरांचे नवल करीत स्वतःला विसरणाऱ्या माणसांना बोल लावला आहे. त्यानंतर पायथ्यापर्यंत तो अवाक्षर काढीत नाही.

सारे फारच जुळून आले आहे. चढाईच्या वेळी पेट्रार्कला बत्तिसावे वर्ष चालू होते. ऑगस्टीनचे मनःपरिवर्तनही बत्तिसाव्याच वर्षी झाले. सरळ वाटेचा गेरार्दो १३४३ मध्ये संन्यस्त झाला. ज्यांना हे पत्र लिहिले ते धर्मगुरू डिओनिजी १३४२ मध्येच वारले होते. जुझेप्पे बिल्लानोविच यांनी पत्राचे लेखन १३५३च्या सुमारास नेले, तेव्हा या योगायोगांचा उलगडा झाला. सेवक जेवणाच्या तयारीत असताना हे घाईघाईने लिहिले, असे पेट्रार्क म्हणतो. त्या घाईला बहुधा सतरा वर्षे लागली असावीत.

म्हणून चढाई झालीच नाही, असे ठरवणे मला उतावीळपणाचे वाटते. पायाखालचे ढग, इटलीच्या बाजूची हिमाच्छादित आल्प्स, डोळ्यांसमोरची ऱ्होन नदी, मार्सेच्या बाजूचा समुद्र हे सारे तो क्रमाने नोंदवतो आणि पिरेनीज पर्वत दिसला नाही हेही सांगतो. आड काही नव्हते, माणसाची दृष्टीच तोकडी, असे तो त्याचे कारण देतो. रूपकवादी वाचक यातूनही अध्यात्म काढतील. पण नुसते रूपकच रचायचे असते, तर दोन्ही सीमांचे पर्वत एका नजरेत आणण्याचा मोह कवीला आवरला असता का?