नदीकाठचा प्रबंध

संशोधन हे एकट्याने करावयाचे काम आहे, अशी मराठी विभागांतील एक रूढ समजूत आहे. विद्यार्थी विषय नोंदवतो, ग्रंथालयात चार-पाच वर्षे बसतो, आणि प्रबंधावर पहिली खरी चर्चा होते ती मौखिक परीक्षेच्या दिवशी. प्रस्तुत लेखकाचा प्रबंधही असाच झाला. म्हणूनच पुरातत्त्वातील संशोधकांची जडणघडण कशी झाली, हे पाहणे उद्बोधक वाटते.

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि हसमुख धीरजलाल सांकलिया तेथे रुजू झाले. लंडनला पीएच.डी. करताना इंग्लंडमधील मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात त्यांनी प्रत्यक्ष काम केले होते. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा एखादा प्रदेश किंवा एखादे नदीखोरे येई. रा. वि. जोशी यांनी मलप्रभेचे खोरे अभ्यासले, वीरेंद्रनाथ मिश्र यांनी राजस्थानातील बेडच नदीचे. अशा प्रबंधाचा आरंभ पायपिटीने होतो. नदीच्या कापलेल्या काठावरील थर वाचायचे, दगडी हत्यारे टिपायची, स्थळाची नोंद करायची, मग पुढचे गाव.

सामूहिकतेचे खरे दर्शन मात्र उत्खननात घडते. पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे १९६८ पासून पुढे सुमारे दीड दशक उत्खनन चालले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वसाहत. मुलांचे दफन येथे तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत केलेले आढळले, तर प्रौढांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले. याला अपवाद ठरले एक दफन: पाच खोल्यांच्या घरात, चार पायांच्या मोठ्या मृत्कुंभात बसवलेला पुरुष, पाय शाबूत. शेजारी धान्यकोठार. यावरून ढवळीकरांनी गावप्रमुखाचे, पर्यायाने विषम समाजरचनेचे अनुमान मांडले.

आता पाहा, या एका अनुमानात किती जणांचे काम गुंतले आहे. थर ओळखणारा एक, अस्थींवरून लिंग-वय सांगणारा दुसरा, जळालेल्या दाण्यांतून जवाचे पीक ओळखणारा तिसरा, प्राण्यांची हाडे वेगळी करणारा चौथा. यांपैकी एकाने शंका घेतली तर साऱ्या मांडणीचा फेरविचार करावा लागतो. शिवाय उत्खनन म्हणजे पुराव्याचा नाश. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. त्यामुळे नोंद तिथल्या तिथे दुसऱ्याने तपासणे हा शिष्टाचार नसून गरज असते. संध्याकाळी खापरांच्या ढिगाभोवती होणारा वाद प्रबंधाच्या पद्धतीचाच भाग असतो.

येथे एक प्रश्नही उरतो. मातीच्या रंगातला फरक पुष्कळदा प्रथम जाणवतो तो कुदळ चालवणाऱ्या गावकऱ्याला. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मात्र नाव एकाचेच असते. पदवीची व्यवस्था सामूहिक श्रमाला वैयक्तिक श्रेय देते, आणि ऋणनिर्देशाचे एक पान त्याची भरपाई करू शकत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला नदीकाठ नाही, हे खरे. पण हस्तलिखिताची प्रत, एखाद्या शब्दाचा अर्थ, एखादी तारीख ही आपलीही खापरेच आहेत. ती सहकाऱ्यांपुढे मांडायला मौखिक परीक्षेची वाट का पाहावी? आपल्या विभागांत महिन्यातून एकदा अपुरे प्रकरण वाचण्याची प्रथा पडली, तर पुढच्या विद्यार्थ्याची चार वर्षे तरी इतकी एकाकी जाणार नाहीत.