ओळखीची खूण

माझी थोरली आपा 1989 साली रक्ताच्या कर्करोगानं गेली. मी बी.ए. झालेला कवी. डॉक्टर ‘पांढऱ्या पेशी’ म्हणाले की नुसती मान हलवायचो. पुढे वाचत गेलो, तेव्हा ही हकिकत हाती लागली.

1975 साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग, एवा क्लाइन आणि हान्स विगझेल यांना उंदरांच्या प्लीहेत काही वेगळ्याच पेशी आढळल्या. पूर्वी कधी गाठ न पडलेल्या कर्करोगाच्या पेशींना त्या मारत होत्या. अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनाही तेच दिसलं. त्याआधी असे आकडे प्रयोगातली खोट म्हणून बाजूला पडत. आता त्यांना नाव मिळालं, नैसर्गिक मारक पेशी.

पण मारेकरी घरातच राहतो, तर घरच्यांना का सोडतो? संरक्षक पेशी परक्याची खूण शोधतात, ही तोवरची समजूत. क्लास कारे या तरुण संशोधकानं 1981च्या प्रबंधात प्रश्नच उलटा केला. शरीराच्या बहुतेक पेशी आपली ओळख सांगणारी प्रथिनं अंगावर वागवतात. मारक पेशी परकी खूण शोधतच नसेल, आपली खूण हरवली का एवढंच पाहत असेल तर? (नाक्यावर कागद मागणारे मलाही खूप भेटलेत, त्यामुळे हे मला चटकन समजलं.)

1986 साली पुरावा आला. उंदरांना एकाच कर्करोगाच्या दोन तऱ्हेच्या पेशी टोचल्या. खूण शाबूत असलेल्या वाढल्या, खूण हरवलेल्या नष्ट झाल्या. मारक पेशी आधीच काढून टाकलेल्या उंदरांत हा फरक उरला नाही.

विषाणूची इथेच पंचाईत होते. टी पेशींना चुकवायला तो खूण लपवतो, आणि लपवली की मारक पेशींच्या नजरेत येतो.

1992 साली वेन योकोयामा यांच्या गटानं उंदराच्या मारक पेशीवरचा ‘ब्रेक’ शोधला. खूण भेटली की तो लागतो. मात्र ब्रेक सुटला म्हणजे लगेच हत्या, असं नाही, चिथावणीही लागते. तांबड्या रक्तपेशींवर ही खूण जवळपास नसते, तरी त्या सुखरूप असतात.

2002 साली इटलीतल्या पेरूजियाच्या लोरेदाना रुजेरी आणि आंद्रेआ वेलार्दी यांनी अर्धवट जुळणाऱ्या नातेवाइकांच्या पेशी दिलेले रुग्ण तपासले. काही दात्यांच्या मारक पेशींना रुग्णाच्या पेशींवर आपली खूण सापडत नाही. मग त्या उरलेला कर्करोग मारतात. अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियात अशा रुग्णांचा आजार फारच कमी उलटला.

आपाला हाच आजार होता. आम्हा भावंडांची तपासणी झाली, तेव्हा माझं तिच्याशी अर्धं जुळलं होतं. त्या वेळी अर्धं म्हणजे नाहीच.