तुर्कस्तान : धर्म, राज्य आणि भाषा

हैदराबादकरांना राजकन्या दुर्रुशेहवार यांचे नाव अपरिचित नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांच्याशी त्यांचा विवाह १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे झाला. या शहरातील एका रुग्णालयाला आजही त्यांचे नाव आहे. इस्लामी जगताचे अखेरचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांच्या त्या कन्या होत. पदच्युत होऊन परदेशी राहिलेल्या या खलिफांना निजामाकडून तनखा मिळत असे. एका राजघराण्याच्या विजनवासाची ही कथा आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचली. परंतु ज्या घटनेतून ती उद्भवली, तिचे पडसाद तुर्कस्तानात शंभर वर्षांनंतरही विरलेले नाहीत.

ती घटना ३ मार्च १९२४ ची. त्या दिवशी अंकारा येथील राष्ट्रसभेने खिलाफत रद्द केली, शरियतचे मंत्रालय बंद केले आणि सर्व शिक्षण एका सरकारी खात्याखाली आणले. योगायोग असा की, या निर्णयाला गती देण्यास भारतीय मुस्लिम नेत्यांचे एक पत्रही कारणीभूत झाले. खलिफांची प्रतिष्ठा राखावी, अशी विनंती आगाखान व न्यायमूर्ती अमीर अली यांनी १९२३ च्या अखेरीस तुर्की पंतप्रधानांना केली होती. ते पत्र इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापले गेले आणि मुस्तफा केमाल यांच्या पक्षाला त्यात परकीय हस्तक्षेप दिसला.

धर्मनिरपेक्षता म्हणजे राज्य आणि धर्म यांची फारकत, असे आपण सामान्यतः समजतो. तुर्कस्तानात मात्र तसे झाले नाही. त्याच दिवशी 'दियानेत' नावाचे धर्मविषयक सरकारी खाते स्थापन झाले. इमाम सरकारी नोकर झाले आणि मशिदी या खात्याच्या ताब्यात आल्या. १९२८ साली 'इस्लाम हा राज्याचा धर्म' हे कलम घटनेतून गेले, १९३७ साली धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व घटनेत आले. पण दरम्यान १९३२ पासून अजान अरबीऐवजी तुर्कीत देण्याची सक्ती झाली होती. धर्म राज्यापासून वेगळा झाला नाही. तो राज्याच्या अधीन झाला.

याचा सर्वांत कठोर परिणाम आग्नेयेकडील कुर्द प्रदेशावर झाला. कुर्दांची भाषा तुर्कीहून सर्वस्वी भिन्न. उस्मानी साम्राज्यात तुर्क आणि कुर्द यांना जोडणारा मुख्य धागा होता तो समान धर्माचा व खलिफांवरील निष्ठेचा. तो तोडल्यावर नव्या राज्याने 'एक राष्ट्र, एक भाषा' हे सूत्र पुढे केले. त्यात कुर्दांना कुर्द म्हणून स्थानच नव्हते. वर्षभराच्या आतच, फेब्रुवारी १९२५ मध्ये, नक्शबंदी पंथाचे शेख सईद यांनी बंड उभारले. या बंडात धर्म किती आणि राष्ट्रभावना किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. सरकारने मात्र त्याला धार्मिक प्रतिगाम्यांचा उठाव ठरवले, शेख सईद यांना दियारबाकीर येथे फाशी दिले आणि त्याच वर्षी सूफी मठांना टाळे लावले. १९३७-३८ मध्ये देर्सीम भागात हजारो माणसे मारली गेली. तेथील लोक प्रामुख्याने अलेवी पंथाचे. त्यांच्या बाबतीत सुन्नी प्रतिगामित्वाचे कारण सांगण्याचीही सोय नव्हती.

१९५० साली मतपेटीतून सत्तांतर झाले आणि अरबी अजान परतली. १९८० साली लष्कराने सत्ता बळकावली. केमाल यांचा वारसा सांगणाऱ्या याच सेनापतींनी १९८२ च्या घटनेत शालेय धर्मशिक्षण सक्तीचे केले आणि १९८३ च्या कायद्याने कुर्द भाषेतील प्रकाशनांवर बंदी घातली. १९८४ पासून कुर्द कामगार पक्षाने सशस्त्र लढा आरंभला. त्यात चाळीस हजारांहून अधिक बळी गेले. प्रकाशनबंदीचा कायदा १९९१ साली रद्द झाला खरा. पण त्याच वर्षी लैला झाना यांनी संसदेत शपथ घेताना एक वाक्य कुर्द भाषेत उच्चारले आणि सभागृहात गदारोळ माजला. पुढे फुटीरतावादाच्या आरोपांखाली त्यांना दहा वर्षे तुरुंगात काढावी लागली.

२००२ पासून धर्मनिष्ठ मतदारांच्या बळावर एर्दोगान यांचा पक्ष सत्तेवर आहे. त्यांनी कुर्दांना इस्लामी बंधुत्वाची हाक दिली. २००९ मध्ये कुर्द भाषेची सरकारी दूरचित्रवाहिनी सुरू झाली, २०१३ मध्ये शांततेची बोलणीही झाली. परंतु २०१५ साली ती फिसकटली आणि शहरांच्या गल्लीबोळांत पुन्हा रक्त सांडले. २०२० मध्ये आया सोफियाची पुन्हा मशीद झाली, तरी कुर्दांचा प्रश्न जागच्या जागीच राहिला. मे २०२५ मध्ये कुर्द कामगार पक्षाने स्वतःचे विसर्जन जाहीर केले. शस्त्रे खाली ठेवणे हा मोठा टप्पा होय. पण मातृभाषेतून शिक्षण आणि स्थानिक स्वशासन या मूळ मागण्यांचे उत्तर त्याने आपोआप मिळत नाही.

म्हणजे धर्म दूर सारूनही हा संघर्ष मिटला नाही आणि धर्म जवळ करूनही मिटला नाही. कारण दोन्ही राजवटींनी ऐक्य म्हणजे एकसारखेपणा असेच मानले. निजामी राजवटीत उर्दू ही राजभाषा होती आणि उस्मानिया विद्यापीठातील अध्यापनही उर्दूतूनच चाले. त्या काळात येथे मराठी ग्रंथालय चालवणाऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागला नसता. राज्याचा धर्म कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु राज्य आपल्या प्रजेला तिच्या भाषेत वाचू देते की नाही, हा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे.