क्रेन दहा टनी होती, मग कलंडली कशी?

मंडळी, गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला तळ्याच्या काठावर काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. मूर्ती पट्ट्यात बांधून उचलली, बूम पाण्याकडे वळला आणि त्या बाजूचा जॅक मुरमात रुतला. ट्रक कलंडायला लागला. ऑपरेटरने लोड झटकन पाण्यात सोडला म्हणून निभावलं. बूमखाली पोरं फोटो काढत उभी होती. मीही त्यांच्यातच.

दहा टनाची क्रेन, मूर्ती जेमतेम दीड टन. मग असं का? त्या नादात या यंत्राचा इतिहास वाचत बसलो.

गंमत बघा. १७९५ साली इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं जोसेफ ब्रामाने. हा माणूस कुलपं बनवायचा. छोट्या दट्ट्यावर थोडा जोर दिला की मोठ्या दट्ट्यावर कितीतरी पट जोर मिळतो, हे शाळेतलं पास्कलचं तत्त्व त्याने कामाला लावलं. पुढे १८४६ साली न्यूकॅसलच्या धक्क्यावर विल्यम आर्मस्ट्राँगने शहराच्या नळाच्या दाबावर क्रेन चालवली. तो पेशाने वकील! (आपल्या नळाला बादली भरेल एवढाही दाब नसतो, ते जाऊ द्या.)

पण ती क्रेन धक्क्यालाच जखडलेली. स्वीडनमध्ये हुडिक्सवाल नावाचं गाव आहे. तिथे बर्फावर घसरायच्या स्की बनवणारा एरिक सुंडिन. ट्रकच्याच इंजिनावर तेलाचा पंप चालवून माल का उचलू नये, असं त्याच्या डोक्यात आलं. १९४४ साली त्याची 'हियाब' कंपनी निघाली, १९४७ साली ट्रकवर बसणारी हायड्रॉलिक क्रेन आली. आजही तत्त्व तेच. गिअरबॉक्सवरून पीटीओ, पीटीओवर पंप, पंपाचं तेल सिलिंडरमध्ये, की बूम वर. विजेचे खांब, ट्रान्सफॉर्मर, घाटात उलटलेला उसाचा ट्रक, सगळं त्यावरच.

विहिरीवरची यारी एकदा पक्की केली की काम संपेपर्यंत तिथेच. ट्रकवरची क्रेन मात्र रोज नव्या जमिनीवर उभी राहते, म्हणून तिला बाजूला निघणारे पाय दिलेत. आणि 'दहा टन' हा आकडा लोड ट्रकच्या अगदी जवळ, समजा तीन मीटरवर असतानाचा. तोच लोड बारा मीटर लांब नेला की ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. बूमचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहून कमी. किती अंतरावर किती उचलायचं याचा तक्ता क्रेनबरोबर येतो, पण तो पाय पूर्ण बाहेर आणि जमीन टणक, हे धरून केलेला असतो. आपल्या काठावर त्याच उन्हाळ्यात भराव टाकलेला. पायाखाली ना लाकडी ठोकळे, ना लोखंडी प्लेट.

यंदाची निविदा काल वाचली. क्रेन किती टनी हवी ते लिहिलंय. पायाखाली काय घालणार आणि बूमखालची गर्दी कोण हटवणार, याबद्दल एक ओळ नाही. सोमवारी अकरा वाजता नगरपालिकेत अर्ज घेऊन जातोय. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी यावं.